सहा आकड्यांचं कुलूप आणि सरकारला हवी असलेली किल्ली

फोनला सहा आकडी पासकोड टाकलाय ना, मग एक हिशोब करून बघा. ०००००० पासून ९९९९९९ पर्यंत मोजून दहा लाख शक्यता होतात. आपल्याला दहा लाख म्हणजे खूप वाटतात पण कॉम्प्युटरला ते काहीच नाही, साधा लॅपटॉपसुद्धा डोळ्याचं पातं लवायच्या आत तेवढं मोजून मोकळा होतो. कुलूप इतकं लेचंपेचं आहे तर मग पोलिस आणि तपास यंत्रणा बंद फोन हातात असूनही महिनोनमहिने का अडकून पडतात, कोर्टात का जातात, कंपन्यांशी का भांडतात?

याचं उत्तर असं की तुमचा पासकोड ही मुळात किल्लीच नाही. फोनमधला डेटा ज्या किल्लीने गुंडाळून (म्हणजे एन्क्रिप्ट करून) ठेवलेला असतो ती २५६ बिटांची असते, म्हणजे तिच्या शक्यता लिहायला गेलात तर ७८ आकडी संख्या होते. ती अंदाजाने शोधायच्या फंदात कुणी पडत नाही, एफबीआय पण नाही. ही किल्ली तयार होते दोन गोष्टी एकत्र घुसळून, एक तुमचा पासकोड आणि दुसरा एक गुप्त नंबर जो कारखान्यात चिप बनतानाच तिच्यात कायमचा कोरलेला असतो. प्रत्येक फोनचा वेगळा. आयफोनच्या बाबतीत कंपनी सांगते की या नंबरची नोंद आम्हीही ठेवत नाही, आणि फोनमधलं कुठलंच सॉफ्टवेअर तो वाचू शकत नाही, ते फक्त चिपला एवढंच म्हणू शकतं की हा पासकोड घे, तुझा नंबर त्यात मिसळ आणि काय निघतं ते वापर.

आता यातली मेख बघा. डेटा कॉपी करून सुपरकॉम्प्युटरवर नेला तरी उपयोग शून्य, कारण चिपमधला नंबर तिथे नाही. म्हणजे प्रत्येक पासकोड त्याच फोनवर, त्याच चिपकडून तपासून घ्यावा लागतो, आणि ती चिप मुद्दाम सावकाश काम करते, एका प्रयत्नाला साधारण ८० मिलिसेकंद. आपल्याला ते जाणवतही नाही. पण चार आकडी पासकोडचे सगळे १०,००० प्रयत्न करायला त्यामुळे १३ मिनिटं लागतात, सहा आकड्यांना साधारण २२ तास, आणि सहाच पण अंक आणि इंग्रजी छोटी अक्षरं मिसळून ठेवली तर शक्यता होतात २१७ कोटी आणि वेळ लागतो साडेपाच वर्षं.

१३ मिनिटं किंवा २२ तास हे तरी काय जास्त आहेत असं कुणी म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल. म्हणून त्याच्यावर आणखी एक पहारेकरी बसवलेला असतो. २०१५-१६ च्या सुमाराच्या आयफोनमध्ये पाचव्या चुकीनंतर एक मिनिट थांबायचं, मग पाच मिनिटं, मग पंधरा, नवव्या चुकीनंतर एक तास, आणि सेटिंग चालू असेल तर दहाव्या चुकीला सगळा डेटा साफ. ‘साफ’ म्हणजे तरी काय, एवढे गिगाबाइट पुसत बसायला वेळ कुणाला आहे, फोन फक्त एक इटुकली किल्ली नष्ट करतो आणि बाकीचा डेटा जागच्या जागी असूनही त्याची रद्दी होते.

थोडक्यात पासकोड लहान असला तरी चालतं कारण प्रयत्न मोजून दिलेले असतात. सगळं भांडण या मोजणीवरून आहे.

२ डिसेंबर २०१५ ला कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोमध्ये दोघांनी गोळीबार करून १४ लोकांना मारलं. दोघेही पोलिसांच्या गोळीबारात मेले आणि मागे राहिला एक आयफोन ५सी, तोही हल्लेखोराचा स्वतःचा नाही, तो ज्या काउंटीत (म्हणजे जिल्हा प्रशासनात) नोकरीला होता तिने दिलेला. एफबीआय कोर्टात गेली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ॲपलच्या नावाने ऑर्डर निघाली, आधार काय तर कोर्टाला लागतील ते हुकूम काढू देणारा १७८९ सालचा ऑल रिट्स ॲक्ट, जेव्हा टेलिफोन सोडा, साधी तारसुद्धा नव्हती. बऱ्याच जणांना अजून वाटतं की एफबीआयने एन्क्रिप्शन फोडून मागितलं होतं. तसं नव्हतं. मागणी पहारेकऱ्याला हटवायची होती, म्हणजे दहाव्या चुकीला डेटा उडू नये, मधे थांबावं लागू नये आणि पासकोड बोटाने न दाबता केबलमधून धडाधड पाठवता यावेत. तेवढं झालं की उरलेली तेरा मिनिटं ते बघून घेणार होते.

मग हे सॉफ्टवेअर एफबीआयने स्वतः का नाही लिहिलं? कारण फोन सिस्टिममधले असले बदल कंपनीची डिजिटल सही असल्याशिवाय स्वीकारतच नाही. खरं म्हणजे त्यांना कोडपेक्षाही सही हवी होती, आणि कंपनीचं म्हणणं होतं की अशी सही एकदा केली की उद्या दुसरी ऑर्डर येईल, परवा दुसऱ्या देशाची येईल. आपल्याकडे म्हणतात तसं म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो.

शेवटी काय झालं तर सुनावणीच्या आदल्या दिवशी सरकारने वेळ मागितली, आणि २८ मार्चला सांगितलं की बाहेरच्या कुणीतरी फोन उघडून दिलाय, केस मागे घेतो. सुंठीवाचून खोकला गेला, पण मूळ प्रश्न कोर्टात सुटलाच नाही. याच प्रकरणात एक घोळही झाला होता, फोन नेहमीच्या वायफायवर नेला असता तर कदाचित त्याने आपोआप क्लाउडवर बॅकअप घेतला असता, पण तपासाच्या घाईत, एफबीआयच्याच सांगण्यावरून, काउंटीने त्या क्लाउड अकाउंटचा पासवर्ड बदलून टाकला आणि ती वाट बंद झाली.

त्यानंतर सप्टेंबर २०१६ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या सर्गेई स्कोरोबोगाटोव यांनी जे केलं ते मला या सगळ्या कथेतलं सगळ्यात आवडतं. त्यांनी आयफोन ५सी उघडला, त्यातली मेमरी चिप सोल्डर काढून बाहेर घेतली, तिची जशीच्या तशी नक्कल केली आणि ती परत जोडली. सहा वेळा पासकोड चुकवायचा, मग मेमरीत जुनी नक्कल टाकायची, की फोनला वाटतं अजून एकही चूक झालेली नाही. परत सहा. एका फेरीला ९० सेकंद, म्हणजे चार आकड्यांच्या सगळ्या शक्यता साधारण ४० तासांत. सामान बाजारात सहज मिळणारं, शंभर डॉलरच्या आतलं. एफबीआयच्या प्रमुखांनी त्याआधी जाहीरपणे सांगितलं होतं की ही युक्ती इथे चालत नाही. आणि त्यांनी ज्यांच्याकडून फोन उघडून घेतला त्यांना दहा लाख डॉलरच्या आसपास पैसे मोजल्याचं तेव्हा बोललं जात होतं. नंतरच्या आयफोनमध्ये चुकांची मोजणी साध्या मेमरीत नसून वेगळ्या सुरक्षित चिपमध्ये असते, त्यामुळे ही युक्ती आता जुनी झाली, पण पहारेकरी मोडायला पहारेकऱ्याच्या मालकाचीच सही लागते असं काही नाही, हे तेव्हा दिसलं.

आता सरकारची बाजू. ती खोटी नाहीये, हे आधी मान्य करू. घराची झडती घ्यायची तर कोर्टाचा वॉरंट लागतो आणि वॉरंट असला की दार उघडावं लागतं, ही पद्धत लोकांनी शेकडो वर्षं मान्य केलीय, मग फोनच तेवढा त्यातून कसा सुटला असं एखाद्या खून झालेल्या मुलीच्या बापाने विचारलं तर त्याला गणित सांगून गप्प बसवता येत नाही. अपहरण, लहान मुलांवरचे अत्याचार, दहशतवादी कट, पुरावा फोनमध्ये आहे आणि फोन समोर टेबलावर पडलाय, हे होतं. फक्त किती होतं याचे आकडे जपून घ्यावेत, एफबीआय बराच काळ सांगत होती की एका वर्षात जवळपास ७,८०० फोन उघडता आले नाहीत, आणि २०१८ मध्ये कळलं की मोजण्यात चूक झालीय, खरा आकडा त्याहून बराच कमी आहे.

अडचण ही की वॉरंटची सही गणिताला वाचता येत नाही. घराच्या दारात उभा असलेला पोलिस खरा की तोतया हे माणूस कागद बघून ठरवतो, चिप फक्त एवढंच बघते की आलेला नंबर बरोबर आहे की नाही. ‘चांगल्या लोकांपुरता चोरदरवाजा’ म्हणजे शेवटी आणखी एक किल्ली, आणि ती कुठेतरी ठेवावी लागणार, कुणीतरी सांभाळावी लागणार.

हे करून बघितलेलं नाही असंही नाही. १९९३ मध्ये अमेरिकन सरकारने क्लिपर नावाची चिप आणली, टेलिफोनवरचं बोलणं एन्क्रिप्ट करणारी, पण प्रत्येक चिपच्या किल्लीचे दोन तुकडे दोन सरकारी खात्यांकडे ठेवायचे. बोलण्याबरोबर एक छोटा सरकारी पॅकेट जायचा, ज्यावरून कुठली किल्ली काढायची ते कळेल, आणि तो पॅकेट खरा आहे का हे तपासायला १६ बिटांचा एक आकडा होता. १६ बिट म्हणजे शक्यता फक्त ६५,५३६! १९९४ मध्ये संशोधक मॅट ब्लेझ यांनी दाखवलं की साधारण ४२ मिनिटांत खोटा पॅकेट तयार करता येतो, मग एन्क्रिप्शन मस्त चालतं आणि सरकारची खिडकी मात्र बंद. म्हणजे ज्याला लपवायचंय तो लपवणारच आणि बाकी सगळ्यांच्या किल्ल्या सरकारदरबारी जमा. दोनेक वर्षांत तो प्रकार गुंडाळला गेला.

अजून साधं उदाहरण प्रवासी बॅगांच्या कुलपांचं. अमेरिकेतल्या विमानतळ सुरक्षेला उघडता यावीत म्हणून काही कुलपांना मास्टर किल्ल्या आहेत. २०१४ मध्ये एका वर्तमानपत्रात त्या किल्ल्यांच्या जुडग्याचा फोटो छापून आला आणि २०१५ मध्ये लोक फोटोवरून त्या घरच्या थ्रीडी प्रिंटरवर छापू लागले.

ग्रीसमध्ये तर कुंपणानेच शेत खाल्लं. २००४ च्या ऑलिंपिकच्या सुमारास एका मोबाईल कंपनीच्या एक्स्चेंजमध्ये कुणीतरी घुसलं आणि कायदेशीर टॅपिंगसाठी सॉफ्टवेअरमध्ये आधीच असलेली सोय गुपचूप चालू केली. शंभरच्या आसपास फोन कित्येक महिने ऐकले जात होते, त्यात खुद्द पंतप्रधानांचा. आणि २०२४ मध्ये अमेरिकेतल्या टेलिकॉम कंपन्यांत चीनशी संबंधित हॅकर शिरल्याचं उघड झालं, त्यांचे हात पोहोचले होते कुठे तर पोलिसांच्या टॅपिंगसाठी कायद्याने ठेवायला लावलेल्या यंत्रणेपर्यंत. त्यानंतर डिसेंबरमध्ये अमेरिकेच्याच सायबर सुरक्षा एजन्सीने सल्ला दिला, महत्त्वाच्या पदावरच्या लोकांनी एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड ॲप वापरा, म्हणजे ज्यातला मेसेज पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कुणालाच वाचता येत नाही असं. इतकी वर्षं सरकारने ज्याच्या नावाने बोटं मोडली तेच शेवटी औषध म्हणून दिलं.

तरी मागणी थांबलेली नाही. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये कंपन्यांना मदत करायला लावणारा कायदा केला, भारतात २०२१ च्या आयटी नियमांनी मेसेज मुळात कुणी पाठवला ते शोधता आलं पाहिजे अशी अट घातली आणि ती कोर्टात अडकलीय, ब्रिटनने २०२५ च्या सुरुवातीला ॲपलला एन्क्रिप्टेड क्लाउड बॅकअप उघडता येतील अशी व्यवस्था करायचा आदेश दिला, तर कंपनीने ती जास्तीची सुरक्षा ब्रिटनमधल्या ग्राहकांसाठी बंदच करून टाकली.

माझं मत विचाराल तर एकेक फोन, वॉरंट घेऊन, पैसे आणि माणसं खर्च करून फोडणं आणि सगळ्या फोनना विकण्याआधीच भोक पाडून ठेवणं या दोन गोष्टी एका मापाने मोजू नयेत. पहिल्यात खर्च हाच लगाम आहे. एक फोन उघडायला लाखो डॉलर लागत असतील तर सरकार तो खुनाच्या केसमध्ये उघडेल, एखाद्या पत्रकाराचा केवळ राग आला म्हणून उघडताना दोनदा विचार करेल. दुसऱ्यात हजारावा फोन फुकट पडतो. अर्थात पहिली वाटही धुतल्या तांदळासारखी नाही. फोन फोडायच्या युक्त्या विकत घ्यायच्या म्हणजे त्या युक्त्यांचा बाजार उभा राहतो, फोनमध्ये शिरून हेरगिरी करणारं पेगासस त्याच बाजारातून आलं, आणि अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने स्वतःकडे दाबून ठेवलेली विंडोजमधली एक त्रुटी २०१७ मध्ये बाहेर फुटली तेव्हा महिन्याभरात वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभरातले कॉम्प्युटर बंद पाडले, ब्रिटनमधली सरकारी हॉस्पिटलं धरून. एनएसएला गुपित सांभाळता येत नसेल तर मास्टर किल्ली कोण सांभाळणार हा प्रश्न मला तरी तिथेच संपल्यासारखा वाटतो.

आणि हा उंदीरमांजराचा खेळ चालूच आहे. फोन रीस्टार्ट झाला की बोटाचा ठसा किंवा चेहरा चालत नाही, पासकोडच मागतो, हे तुम्ही पाहिलं असेल. कारण पासकोड टाकेपर्यंत खरी किल्ली तयारच झालेली नसते, एकदा टाकला की ती मेमरीत हजर राहते आणि ठसा फक्त पडदा बाजूला करतो. म्हणून चालू अवस्थेत जप्त केलेला फोन फोडणं रीस्टार्ट झालेल्यापेक्षा सोपं. २०२४ च्या शेवटी अमेरिकेतल्या एका पोलिस लॅबमध्ये असे चालू ठेवलेले आयफोन आपोआप रीस्टार्ट व्हायला लागले आणि तिथल्या लोकांनी अंदाज बांधला की नवीन आलेले फोन जुन्या फोनना गुपचूप सिग्नल देतायत! तसं काही नव्हतं. नव्या सिस्टिममध्ये फक्त एक घड्याळ टाकलं होतं, ७२ तास कुणी फोन उघडला नाही की तो स्वतःच रीस्टार्ट होतो आणि मेमरीतली किल्ली जाते. २०२५ मध्ये अँड्रॉइडवरही तसंच तीन दिवसांचं घड्याळ आलं.