‘एबीसीडी २’ आणि ‘स्ट्रीट डान्सर थ्रीडी’: एक दुसऱ्याचा पुढचा भाग नाही

वरुण धवन, श्रद्धा कपूर, प्रभुदेवा, सोबत नाचणारे राघव, धर्मेश, पुनीत, आणि दिग्दर्शक रेमो डिसूझा. एवढं सारखं असल्यावर २०१५चा ‘एबीसीडी २’ आणि २०२०चा ‘स्ट्रीट डान्सर थ्रीडी’ या नाचाच्या सिनेमांची सरमिसळ होणारच. त्यात ‘बेजुबान’ हे पहिल्या ‘एबीसीडी’चं (२०१३) गाणं नाव जरा बदलून दोन्हीकडे आलंय.

पुढचा भाग म्हणायचा तो फक्त ‘एबीसीडी २’. तोही नावापुरता. प्रभुदेवांचे विष्णू सर पुन्हा भेटतात, पण पहिल्या भागात रिया असलेली लॉरेन गॉटलिब इथे ऑलिव्ह होते. पुनीतचा चंदू तर पहिल्याच भागात मरतो, तरी पुनीत इथे आहेच!

तरी माझा जीव ‘एबीसीडी २’मध्येच अडकतो, कारण गोष्ट आपल्या वसई-नालासोपाऱ्याकडची आहे. सुरेश मुकुंद आणि व्हर्नन मॉन्टेरो यांच्या ‘फिक्टिशस’ ग्रुपवर ती बेतलीय. ही पोरं २०१२ साली लास वेगासच्या जागतिक हिप हॉप स्पर्धेत नाचून आली. सिनेमाची सुरुवातही नस पकडते: फिलिपिन्सच्या ग्रुपचा नाच चोरला म्हणून ही मुलं बदनाम होतात. मग प्रश्न एकच उरतो, यांचं स्वतःचं काय? ते कसं सापडलं, तालमीत काय जमलं, काय मोडून पुन्हा बसवलं, हे मला बघायचं होतं. ते दिसत नाही. विष्णूचा मुलगा येतो, विनीला (श्रद्धा) दुखापत होते, आणि प्रत्येक वेळी गोष्ट बाजूला सरून गाण्याला जागा करून देते. फक्त ‘हे गणराया’ या गाण्यात त्याचं उत्तर मिळतं. मंचावर ती मुलं बाप्पाला घेऊन उतरतात, आणि हा नाच कुणाचा उचललाय असं कुणी म्हणू शकत नाही. हे बळ सगळ्या सिनेमात हवं होतं.

‘स्ट्रीट डान्सर’ची माणसं वेगळी. वरुण इथे सहेज, श्रद्धा इनायत. लंडनमधले भारतीय आणि पाकिस्तानी ग्रुप एकमेकांना भिडतात, आणि पंजाबातून येऊन तिथे कागदपत्रांविना, उपाशी अडकलेल्यांसाठी पुढे एकत्र येतात. विषय मोठा, पण लढतींच्या गर्दीत तो उपाशी माणूस हरवतो. लक्षात राहतो तो प्रभुदेवांचा ‘मुकाबला’. १९९४मध्ये ज्या गाण्यावर ते नाचले, त्यावरच पंचवीस वर्षांनी पुन्हा, खांद्यांत तीच सैल लय घेऊन.