मिठागरातली लाली आणि तिचा बाजार

एप्रिल-मेच्या उन्हात उरण-पेणच्या मिठागरांत शेवटच्या वाफ्यातलं पाणी आटत येतं, तेव्हा त्यावर कधीकधी विटकरी-गुलाबी झाक चढते. फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावरच्या मिठागरांतल्या अशाच लालीचा वनस्पतिशास्त्रज्ञ मिशेल फेलिक्स द्युनाल याने १८३८ मध्ये अभ्यास केला. पुढे १९०५ मध्ये रोमानियाच्या तेओदोरेस्कू यांनी त्यातल्या सूक्ष्म शैवालाला त्याचंच नाव दिलं, ड्युनालिएला. लाली दिसली की शैवालच असेल असं मात्र नाही. २०२० मध्ये लोणार सरोवर गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेला त्यात मीठप्रिय आर्किया, म्हणजे जीवाणूंसारखे दिसणारे पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव, सापडले होते.

ड्युनालिएलाला टणक पेशीभित्तिका नसते. खारटपणात तग धरायला ते आत ग्लिसरॉल साठवतं आणि रणरणत्या उन्हापासून वाचायला बीटा-कॅरोटीन हे नारिंगी रंगद्रव्य. परिस्थिती पुरेशी छळणारी असेल, तर हे द्रव्य कोरड्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत जातं. गाजरातून ते १८३१ मध्येच वेगळं काढलं गेलं होतं. त्याची रचना उलगडणाऱ्या पॉल कारर यांना १९३७ चं नोबेल मिळालं. पण १९५०च्या दशकात कारखान्यात बनवलेलं स्वस्त बीटा-कॅरोटीन बाजारात आलं आणि शैवालाचा भाव येण्याआधीच पडला. नैसर्गिक मालाला गिऱ्हाईक मिळू लागल्यावर, १९८०च्या दशकात, इस्रायल आणि ऑस्ट्रेलियात त्याची व्यापारी शेती उभी राहिली.

दुसरं मोलाचं रंगद्रव्य आपल्या कढईत रोज दिसतं. करडी कोलंबी तापली की लाल होते. तिच्या कवचातलं अॅस्टाझँथिन प्रथिनाला बांधलेलं असतं, उष्णतेने ते प्रथिन विस्कटतं आणि खरा रंग उघडा पडतो. शेवंडाच्या जातीतल्या प्राण्यातून हे द्रव्य रिचर्ड कुन यांनी १९३८ मध्ये वेगळं केलं. कोलंबीला मात्र ते शून्यातून बनवता येत नाही, त्याचं मूळ खाल्लेल्या शैवालात असतं. आज नैसर्गिक अॅस्टाझँथिन मुख्यतः हिमॅटोकॉकस या गोड्या पाण्यातल्या शैवालापासून मिळवतात.

खरी मेख काढणीत आहे. लिटरभर पाण्यात शैवाल बहुधा ग्रॅमभरही नसतं, त्यामुळे निम्मा जीव पाणी वेगळं करण्यातच जातो. ड्युनालिएला फोडणं सोपं, पण हिमॅटोकॉकसची जाड भिंत बारीक मण्यांच्या गिरणीत रगडावी लागते. मग ॲसिटोनसारखा द्रावक, किंवा ३१ अंशांच्या वर आणि हवेच्या सुमारे ७३ पट दाबापलीकडे नेलेला कार्बन डायऑक्साइड. हा कार्बन डायऑक्साइड रंग ओढून घेतो, दाब सोडला की उडून जातो आणि मागे द्रावकाचा वास उरत नाही. यंत्रं महाग पडतात, ती इथेच.

या रंगद्रव्यांवरच्या ‘अँटिऑक्सिडंट’ (पेशींची झीज रोखणारं) या लेबलाचा गवगवा जरा जपूनच घ्यावा. फिनलंडमधल्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या, तर फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढला. हा निष्कर्ष १९९४ चा.

मग मिठागरं, ऊन आणि खारं पाणी असूनही कोकणात हा धंदा का रुजला नाही? मुख्य अडचण पावसाची. ऑस्ट्रेलियातली तळी वर्षभर खारी राहतात, आपल्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यांतच वाफे गोड्या पाण्याने भरतात. उघड्या तळ्यांचा हंगाम त्यामुळे चार-पाच महिन्यांचाच. बाकी वर्षासाठी बंदिस्त नळ्या लागतील, म्हणजे विजेचं बिल आलं. सूक्ष्म शैवाल वाढवण्याची हातोटी मात्र किनाऱ्याला नवी नाही. कोलंबीच्या बीजकेंद्रांत पिल्लांच्या खाद्यासाठी कीटोसेरॉस टाक्यांमध्ये वाढवतातच, आणि ते पावसाळ्यातही छपराखाली चालतं.