हार्डडिस्क उडाली म्हणजे नेमकं काय उडालं?

"सर, हार्डडिस्क उडाली," सोलापूरच्या नवी पेठेतल्या रिपेअरवाल्यानं एका वाक्यात निकाल दिला. लॅपटॉप माझा नाही, भाच्याचा. तो चादरीच्या कारखान्यांना डिझाईन करून देतो, कॉम्प्युटरवर नक्षी काढायची आणि त्यावरनं जॅकार्ड मागाची कार्डं, म्हणजे कुठला धागा उचलायचा हे भोकांनी मागाला सांगणारे पुठ्ठे, पंच करून घ्यायची. चार वर्षांचं काम त्या एका डिस्कवर. चालू लॅपटॉप पलंगावरनं खाली पडला, स्क्रीनला ओरखडासुद्धा नाही, पण आतनं कट-कट, कट-कट, आणि विंडोज काही केल्या सुरू होईना.

मग घरच्या ग्रुपवर सल्ले सुरू झाले. एक म्हणाला डिस्क पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमधे ठेव, दुसरा म्हणाला तांदळाच्या डब्यात, आणि एका काकूंनी तर खंडेनवमीला लॅपटॉपची पूजा केली होती का अशी चौकशी केली. पूजेला माझी ना नाही, आमच्याकडं मागालाही हळदकुंकू लागतं, पण मागाला नंतर तेलही घालतात बरं का, नुसत्या हळदकुंकवावर कुणी चादर विणत नाही.

मी रिपेअरवाला नाही, अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. त्यामुळं मला त्या "उडाली" शब्दाचीच गंमत वाटली, कारण चांगल्या हार्डडिस्कमधे एक वस्तू सारखी उडतच असते, आणि ती उडायची थांबली की आपण म्हणतो डिस्क उडाली.

लॅपटॉपच्या डिस्कमधे साधारण साडेसहा सेंटीमीटर व्यासाची एक किंवा दोन तबकड्या असतात, बहुतेक वेळा काचेच्या, त्यावर चुंबकीय थर. मिनिटाला ५४०० फेरे, म्हणजे सेकंदाला ९०. कडेचा वेग काढून बघा, ताशी पासष्ट किलोमीटरच्या आसपास येतो, टेबलावर ठेवलेल्या डब्यात होटगी रोडवरच्या मोटरसायकलचा वेग. डेटा म्हणजे त्या थरातल्या बारीक बारीक जागांच्या चुंबकत्वाची दिशा. ती वाचणारं हेड तबकडीवर टेकत नाही, टेकलं तर दोघंही संपले.

मग ते वर राहतं कशावर? हवेवर. आणि यात पंप नाही, मोटर नाही, काही नाही. तबकडी फिरते तेव्हा पृष्ठभागाला चिकटलेली हवा ती सोबत ओढून नेते. हेड ज्या चिमुकल्या ठोकळ्यावर बसवलेलं असतं तो साधारण एक मिलिमीटरचा, आणि त्याची खालची बाजू अशी कोरलेली की ओढून आणलेली हवा पुढून आत शिरते, मागं जागा कमी कमी होत जाते, हवा दाबली जाते आणि ठोकळ्याला वर ढकलते. वरून एक नाजूक पातळ स्प्रिंग त्याला खाली दाबत असते. ठोकळा जरा खाली आला की फट कमी, दाब जास्त, परत वर. जरा वर गेला की दाब कमी, स्प्रिंग खाली आणते. स्वतःच स्वतःला सावरतं, सेन्सर नाही, प्रोग्राम नाही. मला तर हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

आता ती फट किती? काही नॅनोमीटर, एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पाच धरू. नुसता आकडा सांगून काही कळत नाही, म्हणून तो ठोकळा वीस हजार पट मोठा करू. एक मिलिमीटरचे झाले वीस मीटर, म्हणजे सोलापूर स्टेशनात उभा रेल्वेचा एक डबा. त्या हिशोबात डबा रुळांच्या वर किती तरंगतोय? एक दशांश मिलिमीटर, वहीच्या एका कागदाएवढा. आणि एक मायक्रॉनचा धुळीचा कण, जो डोळ्याला दिसतसुद्धा नाही, तो त्या डब्यापुढं दोन सेंटीमीटरचा खडा. माणसाचा केस म्हणजे रुळावर आडवा पडलेला, माणसाच्या छातीएवढा उंच ओंडका. आपल्याकडच्या कारखान्यात कापसाचे तंतू कसे तरंगत असतात ते आठवा आणि मग डिस्क स्क्रू-ड्रायव्हरनं उघडून "जरा बघतो" म्हणणाऱ्याच्या हातात ती द्यायची का ते ठरवा.

इथं जरा अवघड आहे, नको असेल तर हा परिच्छेद सोडा. पातळ फटीतल्या वंगणाचा दाब काढायचं समीकरण ऑसबोर्न रेनॉल्ड्सनं १८८६ साली दिलं, बेअरिंगमधल्या तेलासाठी. ते हवेलाही चालतं, पण ते गृहीत धरतं की हवा सलग आहे. आपल्या साध्या हवेत एक रेणू दुसऱ्यावर आपटायच्या आधी सरासरी सत्तर नॅनोमीटरच्या आसपास जातो, आणि आपली फट पाचची! म्हणजे रेणूला भावाबंदांशी टक्कर व्हायच्या आधीच तो खाली तबकडीवर नाहीतर वर ठोकळ्यावर आपटतो. सलग हवा अशी काही उरतच नाही, मग वायूतल्या रेणूंच्या हालचालीचं बोल्ट्झमनचं जे गणित आहे, त्यावरून समीकरणात दुरुस्त्या घालाव्या लागतात. हवा विरळ झाली की हेड खाली येतं, म्हणून साध्या डिस्कला उंचीची मर्यादा असते, बहुतेक तीन हजार मीटरच्या आसपास. सोलापूर साडेचारशेच्या घरात, आपल्याला चिंता नाही, पण लेह साडेतीन हजारांवर आहे.

तर भाच्याचा लॅपटॉप. पलंग पंचेचाळीस सेंटीमीटर धरला तर खाली यायला सेकंदाचे तीन दशांश, तेवढ्यात तबकडी सत्तावीस वेळा फिरली. काही डिस्कमधे आपण पडतोय हे ओळखणारा सेन्सर असतो, तो तेवढ्या वेळात हेड उचलून कडेच्या उतारावर पार्क करतो. याच्यात नसावा, किंवा त्याला जमलं नसावं. हेड आपटलं. कट-कट म्हणजे काय, तर हेड आत जाऊन तबकडीवरच्या आपल्या खुणा शोधतंय, त्या वाचता येत नाहीत, म्हणून परत मागं येऊन पुन्हा प्रयत्न करतंय. डेटा बहुतेक जागेवरच आहे, वाचणारा जखमी झालाय. आणि असा जखमी वाचणारा काचेवर फिरवत ठेवला तर तो नांगरच, खरवडलेला भुगा पुन्हा त्याच फटीत. "अजून एकदा चालू करून बघू" असं म्हणत आमच्या घरी आठ वेळा बघितलं गेलं. मी असतो तर पहिल्या कट-कटलाच लॅपटॉप बंद केला असता.

फ्रीझरचं म्हणाल तर जाम झालेल्या जुन्या डिस्क त्यानं काही मिनिटं चालल्याचे किस्से आहेत. पण या डिस्क हवाबंद नसतात, हवेचा दाब सारखा राहावा म्हणून फिल्टर लावलेलं एक बारीक भोक असतं. गार डिस्क बाहेर काढली की थंड पाण्याच्या तांब्यासारखं तिला पाणी सुटतं, आतसुद्धा. तांदळाचं तर सोडाच.

सर्किट बोर्ड बदलणं हा दुसरा आवडता उपाय. तसाच बोर्ड लावून भागत नाही, कारण प्रत्येक डिस्कची स्वतःची जुळवणी बोर्डावरच्या एका चिपमधे लिहिलेली असते, ती चिप किंवा निदान तिच्यातला मजकूर न्यावा लागतो. आणि हेडच गेलं असेल तर त्याच मॉडेलची दुसरी डिस्क आणून, धूळ नसलेल्या खोलीत तिचं हेड इकडं बसवतात. ते नवं हेडही किती टिकेल सांगता येत नाही, म्हणून आधी सोप्या जागा भराभर कॉपी, खराब जागा शेवटी, आणि पुढचं सगळं काम त्या कॉपीवर. तबकडी शाबूत असली तर काय काय निघतं बघा, २००३ साली कोसळलेल्या कोलंबिया यानाच्या अवशेषांत एक जळालेली डिस्क सापडली होती, तिच्यावरचा जवळपास ९९ टक्के डेटा परत मिळाला.

भाच्याची डिस्क पुण्याला गेली. महिन्यानं बरंच आलं, पण काही डिझाईन अर्ध्यावर करडी, वर मोर, खाली नुसता राखाडी पट्टा. एक ऑर्डर अडली होती, ती जुनीच फुलाची नक्षी होती, म्हणून तो कारखान्याच्या मामांकडं गेला. त्यांनी माळ्यावरनं जुनी दोऱ्यानं ओवलेली पंच-कार्डांची माळ काढली, भोकं नुसत्या डोळ्यानं दिसतात, हेड लागत नाही का हवा लागत नाही. एक कार्ड उंदरानं कुरतडलेलं. एक कार्ड म्हणजे बाण्याची, आडव्या धाग्याची, एक ओळ, आता ती ओळ गेली म्हणून हा हळहळायला लागला, तर मामा म्हणाले, "अरे, फूल खालीवर सारखंच आहे की बे, तेवढंच अंतर दुसऱ्या बाजूला मोज अन् तिथलं कार्ड बघून पंच कर."