चार लिटरला एक खेकडा: हा हिशोब आला कुठून?

कोल्हापुरात कुणी खाऱ्या पाण्याची नवी टाकी मांडली की दीड-दोन महिन्यांत त्याचा फोन येतो. आधी दगडांवर तपकिरी साय धरते, ती जाते न जाते तोच हिरवं केसाळ शेवाळ उठतं, आणि मग ठरलेला प्रश्न येतो: "हर्मिट किती सोडू?" हर्मिट म्हणजे रिकाम्या शंखात राहणारा आणि टाकीतलं शेवाळ चरणारा खेकड्यासारखा छोटा जीव. खरं तर उत्तर त्याच्याकडे आधीच असतं. गॅलनला एक. म्हणजे पावणेचार लिटरला एक खेकडा, दोनशे लिटरच्या टाकीत पन्नासेक. मीही पहिल्या टाकीत याच हिशोबाने खेकडे सोडले होते. पुढे हा आकडा कुठून आला ते शोधत गेलो, तेव्हा कळलं की तो ठरवताना खेकड्याच्या पोटाचा विचार झालेला नाही आणि त्याच्या घराचाही नाही. टाकीतली घाण काढायला टाकीतच एखादा जीव नेमायचा, या पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या कल्पनेतून तो वाढत आला आहे.

आधी हा जीव ओळखून घेऊ. हर्मिट दिसतो खेकड्यासारखा, पण शास्त्राच्या वर्गीकरणात तो खऱ्या खेकड्यांत बसत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात रश्श्यासाठी येणारा बांधावरचा काळा खेकडा आठवा. त्याचं सगळं अंग टणक ढालीखाली, शेपूट पोटाशी दुमडलेली. हर्मिटचं डोकं, पाय आणि डेंगे टणक असतात, मागचा भाग मात्र सोललेल्या कोळंबीसारखा मऊ आणि एका अंगाला पिळलेला. तो उघडा पडला की कोणताही मासा त्याचा घास करणार. म्हणून मेलेल्या समुद्री गोगलगायीच्या रिकाम्या शंखात तो मागे सरकत शिरतो आणि आतल्या मधल्या खांबाला शेपटीकडच्या आकड्यांनी घट्ट धरून बसतो. शंख त्याला बनवता येत नाही. अंग वाढलं की मोठा शंख शोधायचा, नाही मिळाला तर दुसऱ्याच्या अंगावरून ओढून काढायचा. हे घर बदलणं अ‍ॅरिस्टॉटलने लिहून ठेवलं आहे, म्हणजे ही गोष्ट माणसाला माहीत होऊन तेवीसशे वर्षं तरी झाली. आपल्या किनाऱ्यांवरच्या जातींची पद्धतशीर सूची आल्फ्रेड अल्कॉक यांनी कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधल्या संग्रहावरून १९०५ साली छापली. कोकणात ओहोटीच्या वेळी खडकांतल्या डबक्यांत क्लिबनेरियस आणि डायोजिनीस या वंशांतले हर्मिट दिसतात. डायोजिनीस हे नाव रांजणात राहणाऱ्या ग्रीक तत्त्वज्ञावरून पडलेलं आहे.

आता टाकीकडे वळू. १८४६ साली अ‍ॅना थिन या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरचं जिवंत प्रवाळ लंडनला आपल्या घरी नेलं आणि जगवलं. पंप नव्हता, वीज नव्हती. उघड्या खिडकीशी उभं राहून समुद्राचं पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. हे काम रोज अर्धा-पाऊण तास त्यांची मोलकरीण करायची. घरातलं रीफ अ‍ॅक्वेरियम म्हणजे काय, ते मला या एका चित्रात सगळं दिसतं. प्रवाळ, खारं पाणी, आणि ते हलतं ठेवणारे कुणाचे तरी हात.

चार वर्षांनी, १८५० मध्ये, रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने आपला प्रयोग प्रसिद्ध केला. काचेच्या भांड्यात दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया या पाणवनस्पतीचं रोप. माशांना रोपाचा प्राणवायू मिळत होता, पण जुनी पानं कुजू लागली आणि पाणी बिघडलं. तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी सडकी पानं खाल्ली, पाणी निवळलं. आजच्या भाषेतला 'क्लीनअप क्रू' तो हाच. तीन वर्षांत लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांना पाहण्यासाठी टाक्या उघडल्या, निसर्ग-अभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांच्या लेखनामुळे 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द घरोघरी गेला, आणि वॉरिंग्टनची गोगलगाय या छंदात कायमची राहिली.

तरी पुढची शंभर वर्षं खारी टाकी ही मुख्यतः समुद्रकाठच्या लोकांचीच गोष्ट होती. पाणी आणायचं कुठून? आपल्याकडे मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडलं, तेही समुद्राला लागूनच. कोल्हापूर सह्याद्रीच्या अलीकडे, पंचगंगेच्या काठी. समुद्र आपल्याकडे येतो तो घाट चढूनच, आणि तसा तो फार आधीपासून येत आला आहे. टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली एक कांस्यमूर्ती आहे, वीतभरसुद्धा उंची नसलेली. ती पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची. सातवाहनांच्या काळात रोमन व्यापारातून ती इथवर आली. माझ्या टाकीसाठी मालवणहून पाण्याचे निळे कॅन आणायचो, तेव्हा फोंडा घाटाच्या वळणांवर मला हटकून या मूर्तीची आठवण यायची.

समुद्रापासून लांब राहणाऱ्यांची अडचण १९६४ मध्ये सुटली. त्या वर्षी अमेरिकेत इन्स्टंट ओशन हे तयार मीठ बाजारात आलं. लिटरला पस्तीसेक ग्रॅम मीठ शुद्ध पाण्यात विरघळवलं की समुद्राच्या जवळ जाणारं पाणी घरात तयार होतं. त्याच्या थोडं आधी, १९६१ मध्ये, इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी एक साधी गोष्ट जगासमोर मांडली होती. टाकीत समुद्रातला 'जिवंत' दगड ठेवा, हवेचे बुडबुडे सोडा, बाकीचं काम दगडातले सूक्ष्म जीव करतात. त्या वेळी फार थोड्यांनी मनावर घेतलं. जर्मन छांदिष्टांनी हीच वाट पुढे नेली. जिवंत दगड, फेसाबरोबर घाण बाहेर काढणारा स्किमर आणि प्रखर दिवे या जोडणीला 'बर्लिन पद्धत' असं नाव पडलं, आणि १९८०च्या दशकाच्या शेवटी ती अमेरिकेत पोचली.

हर्मिट घरात आला तो या दिव्यांच्या मागोमाग. प्रखर उजेडात प्रवाळ वाढतं तसं शेवाळही वाढतं. ते चरणारे मोठे सर्जन मासे छोट्या टाकीत कोंडल्यासारखे होतात. मग लहान चरणारे जीव हवेत. ते फ्लोरिडाच्या उथळ पाण्यात सापडले. निळ्या पायांचा, सांध्यांवर केशरी छटा असलेला क्लिबनेरियस ट्रायकलर तिथे झुंडीने राहतो, वाढून इंचभर होतो आणि गोळा करायला सोपा जातो. त्याच्या जोडीला लाल पायांचा, पिवळ्या डोळ्यांचा पॅगुरिस्टीस कॅडेनाटी. सोपा सापडतो म्हणून स्वस्त, स्वस्त म्हणून घाऊक. टाकी किती गॅलनची ते सांगा, तेवढ्या नगांचं पाकीट घ्या, अशी विक्री सुरू झाली. आपल्याकडे पोचलेला 'गॅलनला एक' हा नियम माझ्या मते या पाकिटांवरचा हिशोब आहे. टाकीत अन्न किती, शंख किती, हे त्यात कुठेच येत नाही.

चरणारे जीव गेले की काय होतं ते त्याच समुद्राने दाखवून दिलं होतं. १९८३-८४ मध्ये कॅरिबियनमधल्या लांब काट्यांच्या काळ्या सी-अर्चिनांवर रोग पडला, त्यातले बहुतेक मेले, आणि ठिकठिकाणचे प्रवाळ शेवाळाखाली गेले. फ्लोरिडाजवळच्या अमेरिकी सागरी हद्दीतून नैसर्गिक जिवंत दगड काढणं १९९७ पासून बंद झालं. खेकडे आणि गोगलगायींची उचल मात्र वाढत राहिली. २००९ मध्ये संशोधकांनी फ्लोरिडाच्या या मासेमारीबद्दल उघड इशारा दिला की घरच्या टाक्यांसाठी नेमके चरणारे जीवच समुद्रातून उपसले जात आहेत.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. क्लाउनफिशची पैदास टाकीत होते. हर्मिटचं तसं नाही. अंड्यातून निघालेली पिल्लं आधी पाण्यावर तरंगत राहतात, अनेक रूपं बदलतात आणि नंतर कुठे तळाशी येऊन पहिला इवलासा शंख शोधतात. घरच्या पंप-फिल्टरमधून ती वाचत नाहीत. त्यामुळे दुकानात दिसणारा जवळजवळ प्रत्येक हर्मिट समुद्रातून उचललेला असतो, आणि त्याच्याबरोबर समुद्राचा एक शंखही कमी झालेला असतो.

आपल्या देशात या छंदाला कायद्याची चौकट आहे. जुलै २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत दगडी प्रवाळांसह अनेक सागरी जीव आणि काही शंखही आले. हर्मिटचा थोराड नातेवाईक, अंदमान-निकोबारकडचा नारळखेकडा, त्याच कायद्याने संरक्षित आहे. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तेव्हा सहलीला गेलो आणि खडकावरून चार खेकडे नि एक प्रवाळाचा तुकडा पिशवीत टाकला, असं करायचं नाही. स्थानिक हर्मिट टाकीला सोयीचेही नसतात. काही खाडीच्या निमखाऱ्या पाण्यातले असतात, काही बरेच मोठे होतात आणि गोगलगायींना मारून त्यांचे शंख घेतात. दुकानात 'ब्लू लेग' म्हणून मिळणारा प्रत्येक खेकडा कॅरिबियनचा असेलच असंही नाही. हिंदी आणि प्रशांत महासागरातला कॅल्सिनस एलेगन्ससुद्धा निळ्या पट्ट्यांचाच असतो, पण अंगाने चांगलाच मोठा.

कोल्हापुरात येऊन हा जीव आणखी एका गोष्टीशी अडतो, आणि ती आपल्या घराघरात आहे. तांबं. पहिल्या वर्षी मी मीठ कालवण्यासाठी आरओचं पाणी साठवायचो ते आजीच्या तांब्याच्या पिंपात. पाणी शुद्ध राहतं अशी आपली श्रद्धा. पाण्याचा अर्धा भाग बदलला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी वाळूवर रिकामे शंख आणि त्यांच्याशेजारी उघडे पडलेले खेकडे. अकरा मोजले. मासे मजेत पोहत होते. खेकड्याच्या रक्तात प्राणवायू वाहणारं द्रव्यच तांब्याचं असतं, तरी पाण्यात विरघळलेलं तांबं थोडंसं वाढलं की तो मरतो. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध चालतं आणि तेच औषध टाकीतल्या सगळ्या बिनकण्याच्या जीवांना मारतं, त्याचं कारण हेच. तेव्हापासून मी मीठ प्लॅस्टिकच्या बादलीतच कालवतो.

२०१९च्या ऑगस्टमधल्या महापुरात वीज गेली आणि गेलीच. महामार्ग बंद, मीठ येण्याची शक्यता नाही, नळाला पाणी नाही. बॅटरीचा हवापंप दुसऱ्या रात्री थांबला. त्यानंतर आम्ही घरातले तिघे पाळीपाळीने मगाने टाकीतलं पाणी उचलून वितभर उंचीवरून परत ओतत बसलो. मासे वर येऊन धापा टाकत होते. हर्मिट दगडाच्या शेंड्यावर चढून पाण्याच्या पातळीला लागून बसले होते, मिशा तेवढ्या हलत होत्या. पहाटे तीनच्या सुमाराला माझी पाळी होती, आणि लंडनच्या खिडकीशी उभ्या असलेल्या त्या मोलकरणीचे हात किती भरून येत असतील ते मला त्या रात्री कळलं. एक मासा गेला. खेकडे सगळे राहिले.

राहता राहिला शंख. पन्नास खेकडे सोडले की पहिल्या महिन्यात शेवाळ संपतं आणि मग घरांसाठी मारामारी सुरू होते. एक खेकडा दुसऱ्याच्या शंखावर आपला शंख ठोकत राहतो, समोरचा बाहेर येईपर्यंत. गोगलगायी त्यात फुकट मरतात. बेलफास्टच्या रॉबर्ट एलवुड यांनी हर्मिटना सौम्य विजेचा धक्का देऊन पाहिलं तेव्हा चांगल्या शंखातले खेकडे घर सोडायला कमी तयार होते, वाईट शंखातले लवकर बाहेर पडले. ते संशोधन २००९चं. २०२२ मध्ये ब्रिटनने प्राण्यांना संवेदना असतात हे मान्य करणारा कायदा केला, त्यात खेकड्यांचं कुळही धरलं.

रिकामे शंख आपल्याला अंबाबाईच्या देवळाभोवतीच्या दुकानांत मिळतात, पण निवडून घ्यावे लागतात. जोगतिणीच्या माळेतल्या कवडीचा उपयोग नाही, तिचं तोंड म्हणजे नुसती फट. रंगवलेला, पॉलिश केलेला शंख नको. दक्षिणावर्ती शंख देव्हाऱ्यात ठेवावा. खेकड्याचं पोट नेहमीच्या, वामावर्ती शंखाच्या पिळाशी जुळलेलं असतं, उलट्या पिळात त्याला नीट बसता येत नाही. गोल तोंडाचे, जड बुडाचे, सुपारीएवढे आणि त्याहून लहान शंख घ्यावेत. कायद्याच्या यादीतले नाहीत ना, ते दुकानदाराला विचारावं. घरी आणल्यावर उकळून, गार करून टाकीत ठेवावेत.

आता कुणी विचारलं तर मी दोनशे लिटरला आठ-दहा हर्मिट सांगतो, आणि प्रत्येकामागे तीन रिकामे शंख. गेल्या आठवड्यात रात्री अकराला दिवे गेल्यावर टॉर्चला लाल कागद लावून पाहत होतो. एक निळ्या पायाचा नव्या शंखाशी आला. आधी डेंग्याने तोंडाची कड चाचपली, मग एक पाय खांद्यापर्यंत आत घालून वाळूचे कण एकेक करून बाहेर काढले. शंख उलटा केला, पुन्हा सुलटा केला. वीस-एक मिनिटं हेच चाललं. मग दोन्ही तोंडं समोरासमोर आणली आणि क्षणभर ते गुलाबी, पिळलेलं पोट मला दिसलं. नव्या शंखात बसल्यावर तो दोनदा आतबाहेर झाला. मग उरला तो जुना शंख, आणि त्याच्या दिशेने दगडामागून एक लहान खेकडा निघालाच होता.