बुचॉन एफसी १९९५ : नावातलं साल क्लबचं नाही

दक्षिण कोरियातल्या बुचॉन शहराच्या ‘बुचॉन एफसी १९९५’ या फुटबॉल क्लबबद्दल दोन समज वर्षानुवर्षं फिरतायत. एक, हा क्लब १९९५ साली निघाला. दुसरा, जुन्या ‘बुचॉन एसके’चंच हे नवं नाव. दोन्ही चूक.

१९९५ मध्ये युकाँग नावाच्या कंपनी-संघाच्या पाठीराख्यांनी आपली संघटना उभी केली. नावातलं साल त्या संघटनेचं. गंमत म्हणजे तेव्हा युकाँग बुचॉनचा नव्हताच, तो सोलमध्ये खेळायचा. बुचॉनचं नाव लागलं १९९६ मध्ये, आणि पुढे कंपनीच्या नव्या नावाने तोच संघ ‘बुचॉन एसके’ झाला.

फेब्रुवारी २००६ मध्ये मालकांनी हा संघ उचलून थेट जेजू बेटावर नेला. तो आजही तिथेच खेळतो, आणि १९८९ चं लीग विजेतेपद त्याच्याच खात्यात आहे. बुचॉनकरांच्या हाती उरलं रिकामं स्टेडियम.

मग पाठीराख्यांनीच पुढाकार घेऊन डिसेंबर २००७ मध्ये नवा क्लब स्थापन केला. २००८ मध्ये हौशी संघांच्या के-३ लीगपासून सुरुवात, आणि २०१३ मध्ये व्यावसायिक दुसऱ्या श्रेणीत प्रवेश. दरम्यान २००९ मध्ये ‘एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर’ हा इंग्लंडमधला चाहत्यांचाच क्लब बुचॉनला मैत्रीपूर्ण सामना खेळायला आला होता. पाहुणे अगदी नेमके निवडले म्हणायचे!

मात्र ‘सगळा खर्च चाहतेच करतात’ हेही खरं नाही. व्यावसायिक संघ चालवायला पैसा लागतो, त्यातला मोठा वाटा शहराच्या महापालिकेकडून येतो.