ओढ कमी होणे (कार्ब्युरेटर इंजिन)

ओढ कमी होणे : कार्ब्युरेटरवर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागावर) चालणाऱ्या जुन्या पेट्रोल मोटारगाडीचे इंजिन सुरू होते, जागेवर बऱ्यापैकी चालतेही, पण चढाला, भरल्या गाडीला किंवा वेग वाढवताना पूर्वीची ताकद देत नाही, ती अवस्था. मराठवाड्यातल्या गॅरेजांत हिलाच ‘गाडी ओढत नाही’ किंवा ‘पिकअप नाही’ म्हणतात. अँबेसेडर, प्रीमियर पद्मिनी, १९८३ च्या अखेरीस आलेली मारुती ८०० आणि तिच्याच इंजिनावरची ओम्नी या अशा गाड्या. मारुतीच्या नंतरच्या गाड्यांत इंधन-फवारणी आली, त्या यात येत नाहीत. बिघाड दाखवणारा दिवा या गाड्यांत नसल्याने निदान कान, नाक, हात आणि दोन-तीन साध्या उपकरणांवरच करावे लागते.

इंजिनाला ताकदीसाठी घट्ट दाब, वेळेवरची ठिणगी, हवा-पेट्रोलचे योग्य मिश्रण आणि जळलेला वायू बाहेर जायला मोकळी वाट लागते. तक्रार आली की बहुतेक ठिकाणी आधी कार्ब्युरेटर खोलतात. ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. जुने पॅकिंग फाटते, पितळी जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोटीत) तार घातली की भोक मोठे होते, फ्लोटची (आतल्या पेट्रोलची उंची राखणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी हलते आणि मूळ दोष जागच्या जागी राहून नवा दोष तयार होतो. कार्ब्युरेटरचा नंबर शेवटचा.

पहिली शंका इंजिनाबाहेर घ्यावी. वरच्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज चढतो पण वेग चढत नाही, तेव्हा क्लच घसरतो आहे. थोडे चालवून चाकांना हात जवळ नेला आणि एकच चाक तापलेले लागले, तर ब्रेक धरून राहतो आहे. मग इंजिन बंद ठेवून एकाने अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा आणि दुसऱ्याने एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरमध्ये पाहावे. केबल ताणली गेल्यामुळे आतले पान अर्धेच उघडते, असे वारंवार आढळते. याच वेळी पेट्रोलची बारीक धार उडताना दिसली पाहिजे. धार नसेल तर अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा पडदा किंवा वॉशर गेला आहे, आणि पाय दाबताच गाडी क्षणभर अडखळते ती त्यामुळेच.

इथे प्रदेशाचा हिशेब धरावा लागतो. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटरवर आहे. एवढ्या उंचीवर हवा पाचएक टक्क्यांनी विरळ असते. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला की थंडीतल्या दुपारच्या तुलनेत ती आणखी चार-पाच टक्क्यांनी विरळ होते. म्हणजे उन्हाळ्यात गाडी थोडी मंदावते, तो बिघाड नसतो. व्हॅक्यूम गेजचेही, म्हणजे इंजिन हवा ओढताना आत होणारी पोकळी मोजणाऱ्या उपकरणाचेही, तसेच. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन जागेवर पाऱ्याचे १७ ते २१ इंच दाखवते. इथे त्यातून सुमारे दोन इंच वजा करावेत, नाहीतर चांगल्या इंजिनाला आजारी ठरवले जाते. काटा स्थिर असणे आकड्यापेक्षा महत्त्वाचे. तो ठरावीक ठेक्याने पडत असेल तर व्हॉल्व्हकडे पाहावे. इंजिन चढ्या वेगावर धरून ठेवले असता तो हळूहळू खाली येत राहिला तर सायलेन्सर तुंबलेला असतो.

दाबाची तपासणी गरम इंजिनावर, सगळे प्लग काढून आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून करतात. सिलिंडरांमधला फरक १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे : दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (इंजिनाचा ठोकळा आणि वरचे डोके यांमधले पॅकिंग). शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी दाखवत असतील तर मधले गॅस्केट गेले आहे. बोअरच्या जड पाण्यावर वर्षानुवर्षे चाललेल्या रेडिएटरात क्षार साचतात, गाडी तापते आणि गॅस्केटचा बळी जातो, म्हणून इथे ही शक्यता हलक्यात घेऊ नये. मारुतीच्या इंजिनाला तीनच सिलिंडर. एक मंदावला तरी तिसरा हिस्सा गेला. तिचा टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्हच्या उघडझापीची वेळ सांभाळणारा पट्टा, एक दाता सरकला तरी गाडी चालते, फक्त दम उरत नाही.

ठिणगीच्या बाजूला डेल्को, म्हणजे प्लगांना पाळीपाळीने ठिणगीची वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर, नीट पाहावा. त्यातल्या पॉइंटमधले (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांमधले) अंतर साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असते. पॉइंट लवकर जळत असतील तर कंडेन्सर बदलावा. आतली वजने वेगाबरोबर बाहेर सरकून ठिणगीची वेळ अलीकडे आणतात. वाळलेले ग्रीस आणि काळ्या मातीची बारीक धूळ यांनी ती जखडली की गाडी सावकाश चालवताना ठीक वाटते आणि मोकळ्या रस्त्यावर कोसळते. डेल्कोला जोडलेली व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढून पाहावी, आतली प्लेट हलली पाहिजे. ठिणगी उशिरा पडली तर इंजिन तापते व मंद होते, फार लवकर पडली तर चढाला खडखडते.

प्लगचा रंग जागेवर चाललेल्या इंजिनात वाचू नये, तो काळाच दिसतो. मांजरसुंब्याच्या घाटासारखा चढ जोरात चढून, वर सुरक्षित जागी थांबून लगेच इंजिन बंद करावे आणि प्लग काढावेत. फिकट तपकिरी रंग चांगला. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त : चोक (थंड इंजिनासाठी हवा कमी करणारे पान) अडकलेला, फ्लोटची सुई गळकी किंवा एअर फिल्टर धुळीने भरलेला. पांढरट रंग म्हणजे पेट्रोल कमी : जेट तुंबलेला, टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप अशक्त किंवा मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या नळीच्या) पॅकिंगमधून हवा शिरते आहे.

उन्हाळ्यात अर्ध्या तासाने गाडी मिसिंग करू (मध्येच अडखळू) लागली की इंजिनाजवळच्या या पंपावर ओले फडके टाकायची पद्धत आहे. इंजिनाच्या उष्णतेने नळीत पेट्रोलची वाफ होते, तिच्यावर हा उपाय खरेच चालतो. पण ठिणगीची वीज तयार करणारी इग्निशन कॉइल तापली की तीही हुबेहूब असेच वागते. गाडी बंद पडली त्याच क्षणी ठिणगी पाहावी : ती जोरदार असेल तर वाफ, पिवळी व मरतुकडी असेल तर कॉइल. टाकीचे झाकण उघडताच हवा आत ओढल्याचा आवाज आला तर झाकणाचे छिद्र बुजले आहे. एलपीजी किट बसवलेल्या ओम्नीत महिनोन्महिने पेट्रोल न वापरल्याने जेटमध्ये चिकट थर बसतो. तिने गॅसवर थोडी कमी ओढणे मात्र स्वाभाविक आहे.

अलीकडे पेट्रोल भरण्याच्या पंपांवर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. या भागातले साखर कारखानेही इथेनॉल तयार करतात. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश असते, शिवाय त्यात ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या मापाच्या जेटमधून मिश्रणात इंधन कमी पडते. ते जुन्या रबरी नळ्या व पडदे खराब करते आणि टाकीतला साठलेला गाळ सोडवून पुढे ढकलते. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालाव्यात, पहिल्या दोन-तीन टाक्यांनंतर फिल्टर बदलावा, आणि एवढे करूनही प्लग पांढरे निघाले तर मुख्य जेट एक माप मोठा बसवून त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये गाडी पुन्हा चालवून पाहावी.