जियाओझीचे सारण (मांस व चिनी लसूणपात)

उत्तर चीनमध्ये घरोघरी होणाऱ्या जियाओझी या डम्पलिंगमध्ये भरायचे कच्चे सारण. डुकराच्या मांसाचा खिमा आणि चिनी लसूणपात (ॲलियम ट्यूबरोसम) हे त्याचे मुख्य घटक. चांद्र नववर्षाच्या आदल्या रात्री आणि हिवाळ्यातील अयनदिनी तिकडे जियाओझी हमखास होतात. ही पात चपटी, गवतासारखी असून तिला लसणाचा वास असतो. आपल्या कांद्याच्या पातीने ती चव येत नाही. वसंतातली पहिली, कोवळी पात सर्वांत चांगली समजतात.

सारणाची चव मसाले किती यापेक्षा ते कोणत्या क्रमाने पडतात यावर अवलंबून असते, आणि याचे कारण मीठ. खिम्याला मीठ लावून घोटले की मांसातील काही प्रथिने विरघळतात, खिमा चिकट होतो आणि पाणी धरून ठेवतो. पातीला मात्र मीठ लागले की कोशिंबिरीतल्या काकडीसारखे पाणी सुटते. मग सारण पातळ होते, पारीच्या कडा नीट चिकटत नाहीत आणि उकळत्या पाण्यात जियाओझी फुटतात. म्हणून मीठ-मसाला सगळा मांसाला लावायचा, पात अगदी शेवटी घालायची.

खिमा चरबीयुक्त हवा. निव्वळ लाल मांसाचे सारण शिजल्यावर कोरडे, भरभरीत लागते. 500 ग्रॅम खिम्याला साधारण 250 ग्रॅम पात धरल्यास एक लहान चमचा मीठ, एक मोठा चमचा सोया सॉस, किसलेले आले, पांढरी मिरपूड आणि थोडी शाओशिंग राइस वाइन पुरते. यानंतर अनेक घरांत सिचुआन मिरीचे पाणी घालतात. ही मिरी कोकण-गोव्यातल्या तिरफळाच्याच प्रजातीतली, जिभेला तशाच मुंग्या आणणारी. ती गरम पाण्यात भिजवून, पाणी गार करून गाळून घेतात. हे पाणी, सुमारे 80 ते 100 मिलिलिटर, थोडे थोडे घालत खिमा एकाच दिशेने घोटायचा; आधीचे पूर्ण मुरल्याशिवाय पुढचे घालायचे नाही. शिजल्यावर आत जो रस सापडतो तो बराचसा या पाण्याचा आणि वितळलेल्या चरबीचा.

पात धुऊन पूर्ण कोरडी करावी व धारदार सुरीने बारीक चिरावी. मिक्सरमध्ये तिचा रस निघतो आणि वास उग्र होतो. चिरलेल्या पातीला आधी तिळाचे तेल चोळले तर पाणी सुटायला वेळ लागतो. ती खिम्यात हलक्या हाताने मिसळावी, तीही पाऱ्या लाटून तयार झाल्यावरच. पंचमसाला किंवा वेगळी लसूण घालणारेही आहेत, पण इतक्या सुवासिक पातीवर त्यांची कुरघोडी होते, जपून घालावे.

पारी जवळजवळ अळणी असल्याने सारण नुसते खाताना किंचित खारट लागावे. मात्र जियाओझी सोया सॉस मिसळलेल्या काळ्या व्हिनेगरात बुडवून खायच्या असतील तर मीठ कमी करावे. कच्चे डुकराचे मांस चाखणे धोक्याचे असते. चमचाभर सारण तव्यावर पूर्ण शिजवून चव पाहावी आणि मगच मीठ वाढवावे.

मांसाऐवजी परतलेले अंडे व सुकी कोलंबी घालूनही हे सारण करतात. जपानी ग्योझात याच पातीसोबत कोबी आणि लसूण असते, तर कोरियन मांडूत बहुधा टोफू.